हिच्या डोक्यातले पांढरे ठिपके

४ मार्च, मंगळवार

वही हिच्यासाठी आणली आहे, लिहिणार मात्र मी. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की नवरा-बायकोंनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं आणि काही बदल जाणवला तर टिपून ठेवायचा. माझ्याबद्दल टिपण्यासारखं काही सापडलं तर बक्षीस देईन, असं मी हिला म्हणालो. ही हसली नाही. हल्ली हिला विनोद उशिरा कळतात. पहिली नोंद झाली.

प्रकरण असं आहे. म्हातारपणी मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं काय होतं, ते यंत्रात फोटो काढून बघण्याचा एक अभ्यास इस्पितळात चालू आहे. त्यांना सत्तरीच्या आसपासची जोडपी हवी आहेत. ही गुडघा दाखवायला गेली होती, तिथली सूचना वाचून आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली की मला जायचंय, पण एकटीला त्या यंत्रात शिरायची भीती वाटते, तुम्ही सोबत या. ही आणि भीती! पाल दिसली की खुर्चीवर मी चढतो आणि केरसुणी घेऊन ही येते, अशी आमच्या घरची पद्धत. म्हणजे हिला स्वतःच्या डोक्याबद्दल आतून काहीतरी जाणवलेलं आहे, आणि सांगायचा धीर होत नाही. मी लगेच हो म्हटलं.

मलाही काही गोष्टी खटकतच होत्या. ही चालताना फार पुढे पुढे पळते. पूर्वी आम्ही बरोबर चालायचो. आता ही कोपऱ्यावर जाऊन थांबते आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहते. एवढी घाई कशाची? शिवाय माझी वाक्यं ही पुरी करते. मी शब्द निवडत असतो, तेवढ्यात ही तो टाकून मोकळी. आणि "मघाशीच सांगितलं ना" हे तर ऊठसूट चालू असतं. सांगितलेलं नसतं हो. न सांगितलेली गोष्ट सांगितल्यासारखी वाटणं हे काही बरं लक्षण नाही.

गेल्या आठवड्यात फाटकाच्या खांबाला आमची गाडी घासली. खांब थोडा बाहेर आलाय असं माझं मत. ही म्हणते, घर बांधलं तेव्हापासून तो तिथेच आहे. मी वाद घातला नाही. अशा माणसाशी वाद घालू नये.

६ मार्च, गुरुवार

उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला. माझं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाडी, तिच्या छपरावर पाटी, माझ्या पायाशी एक जादा ब्रेक, आणि मी. अर्धं गाव माझ्या शिव्या खाऊन गिअर टाकायला शिकलंय. सध्या पोस्टातल्या बाई येतात. परीक्षेत दोनदा नापास झाल्यात. पत्रांवर धडाधड शिक्के मारणाऱ्या बाई, पण हातात स्टिअरिंग आलं की श्वास घ्यायचं विसरतात.

आज बाजाररस्त्याला एक सायकलवाला गल्लीतून सुसाट आडवा आला. बाईंनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, सायकलवाल्याने आमच्या दोघांच्या खानदानाचा उद्धार केला आणि निघून गेला. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "सर, तुमचा ब्रेक?"

मी म्हटलं, मुद्दामच नाही दाबला, तुम्ही दाबताय का ते बघत होतो, आत्मविश्वास असाच येतो. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आदर वाटला असणार.

आता वहीत खोटं कशाला लिहा? पाय निघाला होता. वाटेत होता. पोचायच्या आत बाईंनी काम उरकलं एवढंच. पण शिकाऊ माणसाला हे सांगून उगाच घाबरवण्यात काय अर्थ आहे?

घरी आल्यावर हिला गंमत म्हणून सांगितलं. हिने गॅस बंद केला, आत गेली आणि लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी असते, पण तिचा दरारा इथवर पोचतो. फोन माझ्या हातात आला. लेकीचं एकच म्हणणं, बाबा, आता शिकवणं बंद करा, कुणाचा तरी जीव जाईल. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, ऐक. ज्या दिवशी डॉक्टर सांगेल की माझ्या डोक्यात बिघाड आहे, त्या दिवशी गाडीची किल्ली तुझ्या आईच्या हातात ठेवीन. तोवर शाळा चालू राहणार.

"शब्द?" लेक म्हणाली.

"शब्द," मी म्हणालो.

ही शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर हिने इतका मोठा श्वास सोडला की मला काळजीच वाटली. दम लागणे, हीसुद्धा नोंद करून ठेवतो.

११ मार्च, मंगळवार

आज दिवसभर इस्पितळात. जोडपं म्हणून नाव दिलंय, म्हणून तपासणी दोघांचीही झाली. सोबत करायची तर पुरती करावी.

आधी एका खोलीत चालायला लावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हातात घड्याळ घेऊन एक मुलगी उभी. ही झपझप गेली आणि आली, मागे कुणी लागल्यासारखी. मी भारदस्तपणे चाललो. मग त्या मुलीने सांगितलं की आता चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत या. मी सत्त्याण्णव म्हटलं, चौऱ्याण्णव म्हटलं आणि थांबलो. मुलगी म्हणाली, काका, चालत राहा. मी तिला समजावलं की शहाणा माणूस एका वेळी एकच काम करतो, आणि गाडी चालवताना गप्पा मारणाऱ्यांना मी खाली उतरवतो. तिने काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं. ही मात्र वजाबाकी करत करत भिंतीपर्यंत जाऊन परत आली आणि वर विचारतेय, पुढे जाऊ का? हिला कुठे थांबावं ते कळत नाही.

नंतर कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली. एक, मग क, मग दोन, मग ख, अशी रेघ ओढत जायचं. इतका वाईट आखलेला रस्ता मी जन्मात पाहिला नाही. ना पाटी, ना बाण. मी तसं तोंडावर सांगितलं. माझी रेघ एका ठिकाणी चुकली ती त्यांच्यामुळे.

मग ते यंत्र. अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. खिशातली गाडीची किल्ली द्यायला माझा जीव होईना, पण यंत्रवाला म्हणाला, आत चुंबक आहे, किल्ली हिसकावून घेईल. मग दिली बापडी. आधी ही गेली. मी काचेबाहेर उभा राहून हिला हात दाखवत होतो, म्हणजे धीर यावा. ही आत शिरताच झोपली! यंत्रवाल्याला हिला उठवावं लागलं. आणि मी आत गेलो तर पाचावर धारण बसली. डोकं पिंजऱ्यात, नाकापुढे छप्पर, आणि आवाज असे की क्लच न दाबता कुणी गिअर टाकतंय. अर्ध्यात वाटलं, हातातलं बटण दाबावं आणि ओरडावं. पण बाहेर ही उभी होती. मी बाहेर आलो तर जास्त घाबरेल म्हणून दात आवळून पडून राहिलो.

येताना बसमध्ये हिने विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, झोप आली.

१८ मार्च, मंगळवार

काय लिहू? हात चालत नाही.

आज निकाल होता. डॉक्टरीणबाईंची खोली लहान, भिंतीला पडदा, त्यावर आमचे दोन फोटो शेजारी शेजारी. खाली नावं नाहीत, नुसते नंबर. अभ्यासात नावं लिहीत नाहीत म्हणे. ही माझ्या उजव्या हाताला बसली होती. डावीकडचा फोटो भरलेला, आतल्या पोकळीच्या कडेने पांढरे ढगच ढग आणि बाहेर ठिपके सांडलेले. उजवीकडचा बराचसा स्वच्छ, दोन-चार ठिपके सोडले तर.

बाईंनी सगळं छान समजावून सांगायला घेतलं. वय झालं, वरून रक्तदाब बरीच वर्षं चढा राहिला, की या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, रक्त पोचायला अडचण होते, आणि जिथे ते पुरेसं पोचत नाही तिथे असे पांढरे डाग दिसतात. आणि म्हणाल्या, एक लक्षात ठेवा, या चित्रांत डावीकडे दिसतं ते उजवं असतं आणि उजवीकडचं ते डावं. समोरासमोर उभं राहून माणसाकडे बघावं, तसं.

हे मला एका झटक्यात कळलं. आरशाचं तंत्र कळायला लोकांना महिने लागतात, माझी हयात आरशात बघण्यात गेली आहे. डावीकडचा फोटो म्हणजे उजवीकडे बसलेल्या माणसाचा. म्हणजे हिचा.

त्यापुढे बाई बरंच बोलल्या. माझ्या कानांपर्यंत तुकडे आले. पाय जड होतात, पावलं आखूड पडतात, एका वेळी दोन कामं जमत नाहीत, निर्णय घ्यायला उशीर लागतो, चिडचिड होते. अशांनी दुसऱ्यांचा जीव हातात घेऊन गाडीत बसू नये, असंही काहीतरी. हिला कुठे गाडी चालवता येते? बरे होत नाहीत हे डाग, पण वाढ रोखता येते. रक्तदाब आटोक्यात, मीठ कमी, रोजचं चालणं. मी हिच्याकडे बघत होतो. हिचे डोळे भरून आले होते आणि ही माझ्याकडे बघत होती. बिचारी. स्वतःचं ऐकूनही हिला माझीच काळजी.

बाहेर आल्यावर मी हिचा हात धरला आणि म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे ना." हिने तोंड उघडलं, मग मिटलं, मग पुन्हा उघडलं. म्हटलं, काही बोलू नकोस, मला सगळं समजलंय.  मी हिला हात धरून रस्ता ओलांडून नेलं.

१९ मार्च, बुधवार

भीती वाटते. सरळ लिहून टाकतो. हिच्या आधी मी जाणार हे मी गृहीतच धरलं होतं. बायका मागे राहतात, सगळं बघतात, असंच डोक्यात होतं. चहाचा डबा कुठे असतो ते मला माहीत आहे, पण चहा संपला की तो कुठून येतो ते नाही. सकाळी ही न्हाणीघरात होती, आणि नळाचा आवाज थांबला तर मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आतून विचारलं, काय हवंय? काही नाही म्हटलं. 

शाळा बंद ठेवली आहे. पोस्टातल्या बाईंना फोन करून सांगितलं, घरात आजारपण आहे, पलीकडच्या रस्त्यावरच्या मास्तरांकडे तेवढे दिवस जा. बाईंनी विचारलं, कोण आजारी? म्हटलं, ही. बाई म्हणाल्या, अरेरे, मला वाटलं... आणि पुढे बोलल्याच नाहीत.

२२ मार्च, शनिवार

गोळ्या सुरू झाल्या. रात्रीच्या जेवणानंतर दोघांनाही एकेक. माझी पांढरी, कडू. हिची मोठी, चघळायची, संत्र्याच्या वासाची. माझी कशाला, असं मी विचारलं, तर ही म्हणाली, बाईंनी दोघांना दिलंय, तुम्ही घेतलीत तर मी घेणार. आजारी माणसाचे हट्ट पुरवावे लागतात. मी रोज हिच्यासमोर माझी गिळून दाखवतो आणि मग ही हिची चघळते. मोठी गोळी म्हणजे आजारही मोठा, असं मनात येतं.

मीठ बंद. म्हणजे हिचं. पण हिने अळणी जेवायचं आणि मी समोर बसून खारे शेंगदाणे हाणायचे, इतका मी कसाई नाही. बरणी शेजाऱ्यांना देऊन टाकली. देताना जिवावर आलं. पहिल्या दिवशीचं जेवण खडूसारखं लागलं. ही तोंड वाकडं करेल म्हणून मीच वाहवा, वाहवा करत राहिलो. ही मान खाली घालून जेवत होती, आणि हिचे खांदे हलत होते. रडत असेल म्हणून मी पाठीवरून हात फिरवला. तर आणखीच हलायला लागले.

२७ मार्च, गुरुवार

रोज सकाळी हिला चालवून आणतो. तळ्याच्या कडेने पूर्ण फेरी. ही स्वतःहून पळाली असती, पण मी हात घट्ट धरून ठेवतो, म्हणजे बेताने चालेल. पहिले काही दिवस अर्ध्या फेरीत मीच बाकावर बसायचो, हिला विश्रांती हवी म्हणून. हल्ली हिला बसावंसं वाटत नाही, असं दिसतं, कारण मलाही ते सुचत नाही.

चालताना गप्पा होतात. लग्नाआधी ही एका नाटकात राजाचं काम करून आली होती, मिशी लावून, हे मला आज कळलं. म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस? ही म्हणाली, तुम्ही कधी घरी होतात? पहाटे एक तुकडी, संध्याकाळी दुसरी, मधल्या वेळात गाडी धुणं. खरंच आहे. लोकांना गाव दाखवत फिरलो आणि हिला या तळ्याशीसुद्धा कधी आणलं नव्हतं.

आज लेकीचा फोन आला. हिचं आणि तिचं आत काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. मग लेक मला म्हणाली, बाबा, तुम्ही आईची फार छान काळजी घेताय. आवाज दबलेला होता. मी म्हटलं, तू धीर धर, आई खंबीर आहे. पलीकडून ठसका ऐकू आला. पोरगी रडू लपवत होती.

२ एप्रिल, बुधवार

हिच्यात सुधारणा दिसते आहे. पूर्वी ही पुढे पळायची, आता माझ्याबरोबर चालते. "मघाशीच सांगितलं ना" अजून म्हणते, पण हसून म्हणते. पाय दाबून देतो तेव्हा तर ही डोळे मिटून गाणंसुद्धा गुणगुणते. आजारात माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात, तो चांगल्या बाजूनेही बदलत असेल तर बदलो बापडा.

आज भांडी मी घासली. एक फुटलं. ही रागावली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."  म्हटलं, दुखतंय का कुठे? डोकं? हिने फुटलेले तुकडे गोळा केले. मग म्हणाली, "नाही. उद्या सांगेन."

उद्या काही सांगितलं नाही तर मी विचारणार नाही. मला ऐकवणार नाही ते.

८ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा इस्पितळ. गाडीने नाही, बसने गेलो, कारण ही शेजारी असली की माझं लक्ष हिच्याकडे राहतं.

डॉक्टरीणबाईंनी माझाच रक्तदाब घेतला, मलाच भिंतीपासून भिंतीपर्यंत चालवलं, आणि खूश झाल्या. काका, दाब छान उतरलाय, चालही मोकळी झाली, म्हणाल्या. मी म्हटलं, "माझं राहू द्या हो. हिचं सांगा."

"काकूंचं काय?" बाई म्हणाल्या. "काकूंचं चित्र वयाच्या मानाने उत्तम आहे. मी मागेच सांगितलं की."

मला वाटलं, बाई पोरसवदा आहेत, विसरल्या असतील. मी त्यांना पडदा लावायला सांगितला. ते दोन फोटो पुन्हा आले. मी उठून जवळ गेलो आणि समजावून दिलं की डावीकडे दिसतं ते उजवं, म्हणून हा ढगांचा फोटो उजवीकडे बसलेल्या बाईचा, तुम्हीच सांगितलं होतं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या की काका, ते एकाच डोक्यातल्या डाव्या-उजव्याचं आहे. दोन खुर्च्यांचं नाही. त्यांनी नंबर दाखवला, माझ्या कार्डावरचा नंबर दाखवला. ढग माझे होते.

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होती. मेंदूच्या डॉक्टरच्या खोलीत दातांचं चित्र कशाला लावलंय कोण जाणे, पण ही ते जन्मात पहिल्यांदा दात बघितल्यासारखं बघत होती.

आता जे खरं वाटलं ते लिहितो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हुश्श. हिला काही नाही. ही ठणठणीत आहे, हिचा फोटो स्वच्छ आहे, हिचं काही होत नाही. मी तिथेच खुर्चीत बसलो आणि मला हसू यायला लागलं. बाई घाबरून पाणी आणायला गेल्या. ते पाणी पिता पिता मग माझ्या लक्षात आलं की अरेच्चा, म्हणजे ते डोकं माझं आहे.

त्यानंतर राग आला. तीन आठवडे मी हिचे पाय दाबले! खारे शेंगदाणे लोकांच्या घरात गेले! बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. हिने दोनदा अहो म्हटलं, मी ओ दिली नाही.

९ एप्रिल, बुधवार

पहाटे जाग आली आणि ही वही सुरुवातीपासून वाचली. पहिल्या पानावरचा माणूस बायकोच्या मागे राहतो आणि म्हणतो, बायको पळते. मी या माणसाला गाडीत शिकवायला घेतलं नसतं.

सकाळी पोस्टात गेलो. बाई खिडकीत होत्या. मागे रांग होती म्हणून थोडक्यात सांगितलं की माझी शाळा बंद, तुम्ही त्या मास्तरांकडेच पुढचं शिका. आणि त्या दिवशी सायकलवाला आला तेव्हा मी ब्रेक मुद्दाम सोडला नव्हता. माझा पाय पोचला नाही. तुम्ही दाबला म्हणून तो पोरगा घरी गेला. हे सांगताना माझा आवाज फाटला. रांगेतले लोक बघायला लागले. बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सर, मला तेव्हाच कळलं होतं. पुढच्या सोमवारी माझी परीक्षा आहे. तुम्ही मैदानाबाहेर उभे राहाल का?"

राहीन म्हटलं. उभं राहण्याला डॉक्टरची मनाई नाही.

घरी आलो आणि किल्ली हिच्या हातात ठेवली. लेकीला शब्द दिला होता. ती किल्ली इतकी वर्षं माझ्या खिशात होती की पँटच्या कापडावर तिचा छाप पडलाय. हिने किल्ली घेतली, मुठीत धरली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. या वेळी खरंच रडत होती, खांदे हलण्यातला फरक मला आता कळतो. मलाही रडू आलं. दोघं बसलो तसेच. आता माझं काय होणार, असं मी विचारलं आणि ही म्हणाली, चालत राहायचं, गोळी घ्यायची, मला काय माहीत.

दुपारी राग पुन्हा डोकावला. मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? ही म्हणाली की त्या दिवशी सांगणारच होते. पण तुम्ही माझा हात धरलात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून शाळा बंद केलीत. स्वतःसाठी म्हणून तुम्ही चिमूटभर मीठ सोडलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर त्यांच्याशी भांडला असतात. माझ्यासाठी म्हणून मात्र सगळं सोडलंत. मग मी तोंडाला कुलूप लावलं, निदान दाब तरी उतरू दे म्हणून.

"तो तर दुसऱ्याच आठवड्यात उतरला होता," मी म्हणालो. "औषधवाल्याकडे तूच मोजायला नेलं होतंस, मला सोबतीला म्हणून. मग त्यानंतर का नाही सांगितलंस?"

ही बराच वेळ किल्लीशी खेळत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोवर तुमच्यासाठी गप्प होते. त्यानंतर माझ्यासाठी."

 रात्रीचं अळणी जेवण जेवलो, माझी कडू गोळी घेतली, हिने हिची चघळली. कॅल्शियमची आहे म्हणे, गुडघ्यासाठी. भांडी घासताना मी हिला म्हटलं, उद्या सकाळी साडेसहाला तयार राहा, तळ्यावर जायचंय.

"आता कुणासाठी?" हिने विचारलं.

म्हटलं, ते चालता चालता ठरवू.